आधी सांगा, मग हात लावा: पहिल्या बाळंतपणाची धास्ती मनात असताना दुसऱ्या वेळी सिझरला जाताना

२०१९ साली माझी थोरली जन्मली तेव्हा घरच्या ग्रुपवर नवऱ्याने मेसेज टाकला, 'बाळ-बाळंतीण सुखरूप'. त्या वेळी मी ऑपरेशन थिएटरात होते, टाके घालणं चालू होतं, रक्त थांबत नव्हतं आणि मुलगी काचेच्या पेटीत होती. त्याआधी सव्वीस तास कळा, हाताला ड्रिप, आणि शेवटी एका सिस्टरने पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी माझं पोट वरून दाबलं. मग व्हॅक्यूम, म्हणजे बाळाच्या डोक्याला कप लावून ओढणं. हे काय चाललंय आणि कशासाठी, ते कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की ओरडू नकोस.

पुढची तीन वर्षं दवाखान्यातल्या फिनाइलचा वास आला तरी माझे तळवे ओले व्हायचे. दुसरं मूल हवं होतं, पण त्या टेबलावर पुन्हा जायचं नव्हतं. २०२३ साली धाकटा झाला, ठरवून केलेल्या सिझरने. तेही पोट फाडून केलेलं ऑपरेशनच होतं, नंतर दुखलंही भरपूर. तरी तो दिवस मला आठवावासा वाटतो. दोन्ही वेळांत फरक पडला तो एकाच गोष्टीने: दुसऱ्या वेळी प्रत्येक गोष्ट करण्याआधी मला सांगितली गेली. हे आपोआप झालं नाही, त्यासाठी सहा महिने तयारी केली. ती कशी करायची, ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधं आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचे. पण त्यांच्याशी काय बोलायचं, हे इथून घेता येईल.

पहिलं काम: मागच्या वेळचे कागद मिळवा

दिवस राहिल्यावर, किंवा जमलं तर त्याआधीच, पहिल्या बाळंतपणाचे कागद काढा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. संपूर्ण केसपेपर मागा: कळांच्या नोंदी, ऑपरेशनची नोंद, रक्त दिलं असेल तर त्याची नोंद, बाळाचा कागद. आपल्या देशात डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवावे लागतात. म्हणून उशीर करू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तिथे स्वतः जायची छाती होत नसेल तर नवऱ्याला किंवा भावाला तुमच्या सहीचं पत्र देऊन पाठवा. मी तेच केलं.

ते कागद नव्या डॉक्टर मॅडमनी माझ्यासमोर बसून ओळीओळीने वाचले. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की माझी जखम तिसऱ्या पायरीची होती, म्हणजे शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत गेलेली. तीन वर्षं मला जो त्रास होत होता आणि लाजेने मी कोणाला सांगत नव्हते, त्याला नाव होतं, कारण होतं. मॅडम म्हणाल्या, "यात तुझं काही चुकलेलं नाही. तू जोर नीट लावला नाहीस असं कोणी म्हणालं असेल तर ते विसर." मी त्यांच्या टेबलावरचे टिश्यू संपवले.

तुमचं पहिलं बाळंतपण घाईघाईत केलेलं सिझर असेल तर कागदात एक गोष्ट मुद्दाम पाहा: गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा आहे की उभा. पोटाच्या कातडीवरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद तसाच असेल असं नाही. पुढचा बराचसा निर्णय त्यावर ठरतो.

सिझरच का, हे आधी स्वतःशी पक्कं करा

इथे घाई करू नका. सिझर म्हणजे सुटका, असं समजून गेलात तर नंतर फसवल्यासारखं वाटेल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ होणं हे धोके त्यात आहेत. बाळाला पहिले काही तास धाप लागू शकते. शिवाय प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) जुन्या व्रणावर रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. तीन-चार मुलं हवी असतील तर हा विचार फार महत्त्वाचा. आम्हाला दोनच हवी होती.

दुसऱ्या बाजूला, आधी तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम झालेली असेल आणि त्रास अजून चालू असेल, तर सिझरबद्दल बोलायला ते वैद्यकीय कारण आहे. भीती हेही कारण धरतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०११ पासून म्हटलं आहे की, बाळंतपणाच्या भीतीपोटी बाई सिझर मागत असेल तर तिला आधी मानसिक आधार देऊ करावा, आणि सगळं नीट समजावल्यावरही तिला तेच हवं असेल तर सिझर द्यावं. माझ्या मनातला अपराधीपणा हे वाचून निम्मा झाला. आपण हट्टी नाही, आपल्यासारख्या बायका जगभर आहेत, एवढं तरी कळलं.

ज्यांचं पहिलं सिझर झालं आहे त्यांना नॉर्मलचा प्रयत्नही करता येतो. एक सिझर झालेल्या, आतला छेद आडवा असलेल्या बायकांपैकी शंभरातल्या साधारण सत्तर ते पंचाहत्तर जणींना तो जमतो. कळांमध्ये जुना व्रण उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. म्हणून असा प्रयत्न जिथे लगेच ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी करायचा. एखादीला पहिल्या सिझरचीच दहशत बसलेली असते आणि तिला हाच रस्ता बरा वाटतो. तोही तितकाच खरा.

आणि घरचे. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "नॉर्मल ना?" जणू उरलेलं सगळं अॅबनॉर्मल. सासूबाई मला म्हणाल्या, "दुसरं सोपं जातं गं." त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, त्यांची चारही घरी झाली. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन गेले, आणि मॅडमनी जखमेचं चित्र काढून दाखवलं. घरी येताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू एवढं सोसलंस आणि आम्हाला सांगितलं नाहीस." पुढे कोणी 'नॉर्मल का नाही' विचारलं की त्याच उत्तर द्यायच्या.

डॉक्टर आणि दवाखाना ठरवताना

डॉक्टर किती हुशार आहेत हे आपल्याला पारखता येत नाही. पण ते ऐकतात का, हे दहा मिनिटांत कळतं. पहिल्या भेटीत हे सरळ सांगा: "मागच्या बाळंतपणाची मला दहशत बसली आहे. काहीही करण्याआधी मला सांगाल का?" एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, "टेन्शन घेऊ नकोस, आम्ही आहोत ना." आपुलकीनेच म्हटलं असेल, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "नेमकं काय झालं होतं?" मी तिथेच नाव घातलं.

खाजगीत पॅकेज विचाराल तेव्हा फोड करून विचारा: भूलतज्ज्ञांची आणि बालरोगतज्ज्ञांची फी आत आहे का, रक्त लागलं तर काय, बाळाला काचेत ठेवावं लागलं तर दिवसाचा खर्च किती. विमा असेल तर बाळंतपणासाठी थांबायची मुदत आणि रकमेची मर्यादा, दोन्ही तपासा.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवसांचं जेवण आणि घरापर्यंतची गाडी हे सगळं मोफत आहे. बाळंतपणात सोबतीला एक बाई असू द्यावी असं केंद्राने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांना कळवलेलं आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या, सरकारी बाळंतपणाच्या खोल्या सुधारण्यासाठीच्या 'लक्ष्य' योजनेत तर बाळंतिणीला आदराने वागवण्याचाही समावेश आहे. गर्दीत हे सगळं पाळलं जाईलच असं नाही, पण मागणी करताना आपण भीक मागत नाही, हे मनाशी असलं की आवाज स्थिर राहतो. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात शिकणारी मुलंमुली आजूबाजूला असतात. "कमी लोक असू द्या" असं तिथेही म्हणता येतं.

मनाचं आधी बघा

रात्री दचकून जाग येणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्या दवाखान्याचा रस्ता टाळणं, कोणाच्या डोहाळजेवणाला जाववत नाही, अशी लक्षणं महिनोन् महिने राहिली तर ती आघाताची असतात. त्यावर उपचार आहेत. मी पाचव्या महिन्यापासून समुपदेशक ताईंकडे आठ वेळा गेले. परवडत नसेल किंवा गावात कोणी नसेल तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

ताईंनी करवून घेतलेली एक गोष्ट तुम्हालाही करता येईल. मागच्या वेळचा सगळा प्रसंग कागदावर लिहायचा आणि जिथे अंगावर काटा येतो तिथे खूण करायची. मला वाटायचं, मला वेदनेची भीती आहे. खुणा पाहिल्या तर एकही वेदनेवर नव्हती. पोट दाबलं तिथे होती. न विचारता आतून तपासलं तिथे, मुलीला उचलून नेलं आणि दार बंद झालं तिथे. पुढचं पान मी या खुणांवरूनच लिहिलं.

एक पान लिहा, दोन नको

मागण्यांची चार पानी यादी कोणी वाचत नाही. एका बाजूला, मोठ्या अक्षरात, मराठीत. भाषा विनंतीची ठेवा, पण मुद्दा स्पष्ट असू द्या. माझ्या पानावर हे होतं:

१. मागच्या बाळंतपणात मला मोठा त्रास झाला आहे. अंगाला हात लावण्याआधी कृपया सांगा.
२. आतून तपासणी खरंच गरजेची असेल तरच. मी थांबा म्हटलं तर थांबा.
३. लघवीची नळी भूल दिल्यावर घाला.
४. हात बांधू नका. सलाइन डाव्या हाताला.
५. छातीवरच्या पट्ट्या बाजूला लावा, बाळासाठी जागा ठेवा.
६. बाळ बाहेर काढताना पोट दाबाल तेव्हा आधी सांगा.
७. बाळ ठीक असेल तर नाळ एक मिनिट थांबून कापा आणि बाळ माझ्या छातीवर द्या.
८. बाळाला न्यावं लागलं तर नवरा त्याच्यासोबत जाईल. का नेलं ते मला सांगा.
९. आधी बाळाचा चेहरा दाखवा.
१०. कॉपर-टी किंवा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा निर्णय आमचा आधीच झाला आहे, तो सोबत लिहिला आहे. टेबलावर विचारू नका.

सहाव्या ओळीबद्दल थोडं जास्त सांगते. मला वाटत होतं, सिझरमध्ये पोट दाबायचा प्रश्नच येत नाही. मॅडमनी सांगितलं की येतो: छेद घेतल्यावर बाळ बाहेर यावं म्हणून वरून काही सेकंद जोरात दाबावं लागतं. आडव्या पडलेल्या मला ते अचानक जाणवलं असतं तर मी थेट २०१९ मध्ये गेले असते. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. पण सिझरमध्ये त्यांच्यासारखं काय काय घडतं, हे डॉक्टरांना आधी नक्की विचारा.

नवव्या ओळीचं असं, की आपल्याकडे बाळ दाखवताना सिस्टर त्याचे पाय फाकवून विचारतात, "सांगा, काय झालं?" आईने स्वतःच्या तोंडाने मुलगा की मुलगी ते सांगायचं. पुढे घोटाळा नको म्हणून ही पद्धत आहे, आणि ती ठेवायला माझी हरकत नव्हती. फक्त आधी चेहरा बघायचा होता.

हे पान मॅडमना सातव्या महिन्यातच दिलं. त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या: बहुतेक गोष्टी जमतील, हात मोकळे ठेवू पण निर्जंतुक कापडाला लावायचे नाहीत. पानाबाहेरच्या दोन गोष्टी मी तोंडी विचारल्या, त्यांचं उत्तर: नवऱ्याला ओटीत (ऑपरेशन थिएटरात) घ्यायचं ते भूलतज्ज्ञांना विचारून, पारदर्शक पडदा आमच्याकडे नाही. 'नाही' आधीच कळलं की ते सोसतं. त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढा: एक फायलीत, एक वॉर्डच्या सिस्टरसाठी, एक नवऱ्याच्या खिशात.

भूलतज्ज्ञांना आधी भेटाच

ही भेट बहुतेक जणी टाळतात किंवा ती ऐनवेळी पाच मिनिटांत उरकते. ऑपरेशनभर तुमच्या डोक्याशी, तुमच्या कानाशी असतात ते भूलतज्ज्ञ. बाकी सगळे पडद्यापलीकडे. त्यांना तुमची गोष्ट ठाऊक असणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांना विचारा: दुखलं तर काय कराल? उत्तर स्पष्ट हवं. छेद घेण्याआधी बधिरपणा तपासतात, आणि तरीही दुखलं तर जास्तीचं औषध किंवा पूर्ण भूल देता येते. "थोडं सहन करा" हे उत्तर नव्हे.

पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते, असं ऐकलं असेल. सुईच्या जागी काही दिवस दुखतं. जन्मभराच्या दुखण्याचं कारण ते इंजेक्शन असल्याचं अभ्यासांत दिसत नाही.

तारीख आणि मुहूर्त

बाकी काही अडचण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. घरातून मुहूर्त निघणारच. आमच्याकडे निघाला होता ३७ आठवडे चार दिवसांचा, पहाटे सव्वाचारचा. मी स्पष्ट नाही म्हटलं. पहाटे दवाखान्यात माणसं कमी असतात, रक्तपेढीला धावाधाव होते. शेवटी मॅडमनी ३९ आठवड्यांनंतरचे तीन दिवस दिले आणि आईने त्यातला तिला बरा वाटला तो, सकाळी नऊचा, निवडला. देवाचंही राहिलं आणि बाळाचंही.

दहातल्या साधारण एकीला ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू होतात. तेव्हा काय करायचं, ते पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा: कोणाला फोन, कोणती गाडी, रात्री कोण डॉक्टर असतील. खाजगी गाडी नसेल तर १०८ आहेच.

शेवटचे पंधरा दिवस

हिमोग्लोबिन ११ च्या वर असावं. कमी असेल तर हे महिनाभर आधी बघायला हवं, लोहाची सलाइन चढवायलाही वेळ लागतो. आपल्या रक्तगटाच्या रक्ताची सोय विचारून ठेवा. खालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक खरचटल्यातून जंतू शिरतात. गरज पडली तर दवाखान्यात मशीनने काढतात. बॅगेत समोरून उघडणारे गाऊन, बेंबीच्या वरपर्यंत येणाऱ्या मोठ्या सुती चड्ड्या (कंबरेचं इलॅस्टिक व्रणावर नको), एक छोटी घट्ट उशी, लांब वायरचा चार्जर.

घन आहार सहा तास आधी बंद करायचा असतो. साधं पाणी भूलतज्ज्ञ बहुधा दोन तास आधीपर्यंत चालवतात. काही ठिकाणी सरसकट 'रात्री दहानंतर काही नाही' सांगतात. एकदा विचारून घ्या, घशाला कोरड पडली की घाबरगुंडी वाढते.

ओटीत

मी स्वतः चालत गेले. हे मी मुद्दाम मागितलं होतं, मागच्या वेळी स्ट्रेचरवरून छताचे दिवे मोजत गेले होते म्हणून.

आत गारठा असतो, पायांत मोजे घाला. टेबलावर बसून पाठीचा बाक काढायचा, हनुवटी छातीला, खांदे सैल. भूलतज्ज्ञ म्हणाले, "आता गार लागेल." गार लागलं. "आता मुंगी चावेल." चावली. "आता दाब." दाब आला. तीन वाक्यं, आणि तिन्ही खरी निघाली. त्या क्षणी माझा त्या माणसावर विश्वास बसला.

पाय आधी गरम होतात, मग जड, मग आपले राहत नाहीत. बधिरपणा छातीपर्यंत चढतो, त्यामुळे श्वास पुरत नाही असं वाटतं. श्वास चालू असतो, फक्त छातीचं हलणं जाणवत नाही. बोलता येतंय ना, मग ठीक. मळमळलं तर लगेच सांगा, बहुतेक वेळा रक्तदाब उतरलेला असतो आणि सलाइनमधून औषध दिलं की मिनिटभरात बरं वाटतं. दात वाजतील एवढी थंडी भरते, तीही औषधामुळे. जळल्याचा वास येतो, पाणी ओढल्यासारखा आवाज येतो. हे सगळं आधी माहीत असेल तर मन भलतीकडे धावत नाही.

छेद कळला नाही. कोणी पोटात हात घालून डबे सरकवतंय, अशी ओढाताण मात्र कळली. मग मॅडमचा आवाज आला, "आता वरून दाबणार आहोत. दहा सेकंद. मोजायला लाग." नवरा माझ्या डोक्याशी निळ्या टोपीत बसला होता. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. सातावर तो रडला, म्हणजे बाळ.

चेहरा आधी दाखवला. पांढऱ्या लोण्यात माखलेला, एक डोळा बंद, भयंकर रागावलेला.

छातीवर तो जेमतेम चार मिनिटं होता. मग बालरोगतज्ज्ञ म्हणाले की धाप जास्त आहे, दोन तास नजरेखाली ठेवू. पानावर लिहिलेलं एवढं एक मोडलं. पण ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले, नवरा सोबत गेला, आणि दर वीस मिनिटांनी सिस्टर त्याचा फोटो आणून दाखवत होत्या. बाळ बाहेर यायला सुरुवातीची पाच-दहा मिनिटं लागतात, पण टाके घालायला पुढचा पाऊण तास जातो. तो एकटेपणाचा असतो. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा, बोलत राहा म्हणून. आमच्या गप्पा हापूसवर चालल्या होत्या.

नवऱ्याला आत घेत नसतील तर एखाद्या सिस्टरला डोक्याशी उभं राहायची विनंती करा. हात धरायला कोणीतरी लागतंच.

पहिले दोन दिवस

दुखायची वाट बघू नका. गोळ्या-इंजेक्शनं घड्याळाप्रमाणे मागून घ्या. साधारण जी दिली जातात ती अंगावर पाजताना चालतात, तरी विचारून घ्या. भूल उतरली की पायाचे पंजे वरखाली हलवत राहा. नळी काढल्यावर उठायचं ते असं: आधी कुशीवर वळायचं, कोपराने रेटत बसायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं. सरळ पोटावर जोर देऊन उठलात तर डोळ्यांसमोर तारे चमकतील. खोकला किंवा शिंक आली तर ती छोटी उशी पोटावर घट्ट धरा. गॅसने फुगलेलं पोट टाक्यांपेक्षा जास्त दुखतं, त्यावर इलाज चालणं.

चीक थेंबथेंबच येतो, तेवढाच पुरतो. आडवं झोपून, किंवा बाळाचे पाय काखेतून मागे घेऊन पाजलं तर टाक्यांवर भार येत नाही. दूध यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. "सिझरवालीला दूध येत नाही" म्हणणाऱ्यांना आईने दारातूनच परत पाठवलं.

घरी आल्यावर

पाठीला आणि पायांना तेल लावून घ्या, बरं वाटतं. पोटाला मालीश, शेगडीचा शेक आणि पट्टा आवळणं हे व्रण भरेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. पाणी तोडू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा, पण भाजी आणि फळं सोडू नका, कुंथणं टाळायचं आहे. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. थोरलीला मी उचलत नसे, बसूनच मांडीवर घ्यायची. व्रणाच्या वरची कातडी काही महिने बधिर राहते.

या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका: १००.४ च्या वर ताप, तासाला एक पॅड भिजणं, घाण वास, व्रणातून पू, एका पोटरीत दुखणं आणि सूज, धाप, छातीत दुखणं, नजर अंधुक होणं. बसलं की फुटणारं आणि आडवं झालं की उतरणारं डोकं पाठीच्या इंजेक्शनमुळे असू शकतं. त्यावर उपाय आहे, भूलतज्ज्ञांना कळवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवडे उलटूनही उतरलं नाही, झोप येत नाही, बाळाकडे बघवत नाही, नको ते विचार येतात, तर लगेच सांगा, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही. आणि आणखी एक रडणं येऊ शकतं ज्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. पाचव्या दिवशी धाकट्याला पाजताना मला थोरलीसाठी हुंदका फुटला. इतकं शांतपणे होऊ शकत होतं, तर तिच्या वेळी का नाही झालं? समुपदेशक ताईंची एक भेट मी बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवली होती, ती त्या दिवशी फोनवर वापरली. तुम्हीही एक राखून ठेवा.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा या वेळची ऑपरेशनची नोंद झेरॉक्स करून घ्या: छेद कसा होता, रक्त किती गेलं, आत काही चिकटलेलं सापडलं का, पुढच्या वेळी काय सांभाळायचं. मी ती मॅडमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेल्या त्या पानाला टाचून ठेवली आहे, थोरलीच्या कागदांच्या फायलीत, त्यांच्या वर.